विश्लेषण : प्रयोगशाळेच्या सॉफ्टवेअरमागील ‘ओपन सोर्स’ला श्रेय कशासाठी?

कृष्णविवराचे पहिले छायाचित्र १० एप्रिल २०१९ रोजी जगासमोर आले. ते तयार करताना नमपाय, सायपाय, मॅटप्लॉटलिब या मोफत लायब्ररी वापरल्या गेल्या.

लायब्ररी म्हणजे काय?
आकडेमोड, आलेख अशा नेहमीच्या कामांसाठी कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला कोड. मॅटप्लॉटलिब जॉन हंटर या मेंदूविज्ञान संशोधकाने अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युत नोंदी तपासताना तयार केली.

श्रेय बंधनकारक आहे का?
‘एमआयटी’, ‘बीएसडी’ परवान्यांखालील कोड बदलता येतो, विकताही येतो. मात्र त्याची प्रत इतरांना देताना मूळ कॉपीराइट सूचना व परवान्याचा मजकूर सोबत ठेवावा लागतो. शोधनिबंधात उल्लेख करण्याची सक्ती हे परवाने करत नाहीत.

मग उल्लेख का करावा?
संशोधनातील निधी आणि नोकऱ्या बऱ्याच अंशी निबंधांना मिळालेल्या संदर्भांवर ठरतात. उल्लेखच नसेल, तर लायब्ररी सांभाळणाऱ्यांचे काम हिशेबात येत नाही. म्हणूनच नमपायच्या चमूने २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलेल्या निबंधाचा संदर्भ देता येतो. दुसरे कारण पडताळणीचे. लायब्ररीची आवृत्ती बदलली की निकालही बदलू शकतो. त्यामुळे नावासोबत आवृत्तीचा क्रमांकही नोंदवायला हवा.