वेलदूरची पहाट

३ जून १९९७. गुहागर तालुक्यातल्या वेलदूर या मच्छीमार गावात पहाटेच पोलीस घुसले. बरेचसे पुरुष समुद्रावर गेलेले. घरांची दारे तोडून बायकांना फरफटत बाहेर काढले, लाठ्या मारल्या. त्यांत एक गरोदर होती. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवाधिकार संघटनेच्या अहवालात हे सारे नोंदलेले आहे. गुन्हा एवढाच, की त्यांना दारातला एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा वीजप्रकल्प नको होता.

त्या पहाटेची सुरुवात पाच वर्षे आधी झाली होती. जून १९९२ मध्ये कंपनीची माणसे मुंबईत आली आणि काही दिवसांतच, २० जूनला, राज्य वीज मंडळाने सामंजस्य करार केला. निविदा मागवल्याच नाहीत. परकीय चलनासाठी सोने गहाण टाकून वर्षच उलटले होते, त्यामुळे गुंतवणूक आली याचेच अप्रूप. १९९३ मध्ये जागतिक बँकेने प्रकल्प परवडणारा नाही म्हणून कर्ज नाकारले, तरीही त्याच डिसेंबरात वीजखरेदी करार झाला. वीज उचला वा न उचला, क्षमतेचे पैसे द्यायचे. दर डॉलरशी बांधलेला. मंडळ थकले तर राज्याची हमी, राज्य थकले तर केंद्राची प्रतिहमी, आणि तंटा झालाच तर लंडनचा लवाद.

या कलमांपाशी मी दरवेळी अडखळतो. सार्वभौमत्व बाहेरून कोणी हिसकावले नाही, आपल्याच राज्यकर्त्यांनी ते सहीनिशी गहाण ठेवले. १९९५ मध्ये एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा करत शिवसेना-भाजप युती राज्यात सत्तेवर आली. ऑगस्टमध्ये करार रद्द केला, कंपनी लंडनला गेली आणि जानेवारी १९९६ मध्ये त्याच सरकारने आधीपेक्षा मोठ्या प्रकल्पाला होकार दिला. मेमध्ये तेरा दिवसांच्या वाजपेयी सरकारने जाता जाता प्रतिहमीवर शिक्कामोर्तब केले.

कंपनीपुढे हात बांधलेले हे राज्य वेलदूर, अंजनवेल, रानवी या गावांत मात्र पुऱ्या ताकदीनिशी उभे होते. जमावबंदी, धरपकड, राखीव पोलिसांचा तळ. आणि ह्यूमन राइट्स वॉचच्या अहवालानुसार त्या तळाचा खर्च कंपनी देत होती. मला यात सर्वांत जास्त सलते ते हेच.

१९९९ मध्ये वीज सुरू झाली. वर्ष-दीड वर्षात युनिटचा दर कधी सात रुपयांच्याही पुढे गेला आणि मंडळाचे कंबरडे मोडले. गावकऱ्यांनी ज्यासाठी मार खाल्ला, ते अखेर बिलांनी केले: मे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. डिसेंबरात एन्रॉन अमेरिकेत दिवाळखोरीत गेली. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांना पुढे करून, सार्वजनिक पैसा ओतून, तीच यंत्रे पुन्हा चालवायला घ्यावी लागली.