झटका मशीन: जीव न घेणारी राखण

ज्ञानगंगा अभयारण्यालगत हरभऱ्याने घाटे धरले की शेतकऱ्याची झोप उडते. रोही, रानडुकरं एका रात्रीत वावर साफ करतात. म्हणून कुणी कुंपणाच्या तारेत थेट 230 व्होल्टची वीज सोडतो. तो गुन्हा आहे आणि जीवघेणाही: सलग प्रवाहाने स्नायू आखडतात, तार सुटत नाही.

झटका मशीनचं तंत्र वेगळं. सौर पॅनल 12 व्होल्टची बॅटरी भरतं. मशीन साधारण सेकंदाला एकदा ‘टक्’ करत हजारो व्होल्टचा झटका सोडतं. तो सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी टिकतो. जनावर दचकून मागे फिरतं, जिवंत राहतं. तारेला टेकलेलं गवत मात्र कापत राहा, अर्थिंगची जागा ओली ठेवा. पीकही वाचेल, जीवही.