वसईचा किल्ला : पाहण्यापूर्वी थोडे जाणून घेऊ या

नाताळची सुट्टी आली की मुंबईतील अनेक कुटुंबे सहलीसाठी वसईला येतात. चर्चगेटहून विरारकडे जाणाऱ्या लोकलने वसई रोड स्थानक गाठावे व पश्चिमेकडून बस किंवा रिक्षाने किल्ल्यात यावे, इतका हा प्रवास सोपा आहे. राजधानीच्या इतक्या जवळ असूनही आपल्यापैकी बहुतेक जण किल्ला पाहतात तो केवळ पडक्या भिंती म्हणून. त्या भिंती काय सांगतात, हे थोडक्यात समजून घेण्याचा प्रयत्न आम्ही येथे करीत आहोत.

गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने डिसेंबर १५३४ मध्ये तह करून वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. आधी लहानसा बालेकिल्ला उभा राहिला. पुढे त्याच्याभोवती बुरुजांची भक्कम तटबंदी बांधली गेली आणि तिच्या आत एक संपूर्ण नगर वसले. या नगराला दोन मुख्य दरवाजे होते : एक जमिनीकडचा, दुसरा बंदराकडचा.

बंदराकडील दरवाजाजवळ संत जोसेफ यांचे मंदिर आहे. त्याची स्थापना १५४६ सालची. महागुरू आलेक्सो द मेनेझिस यांच्या कारकिर्दीत, १६०१ साली, त्याची पुनर्रचना झाल्याचे तेथील शिलालेख सांगतो. त्याचा उंच मनोरा आजही दुरून दिसतो.

येशूसंघीयांचे पवित्र नामाचे मंदिर भाविकांना विशेष जवळचे वाटावे. संत फ्रान्सिस झेवियर १५४० नंतरच्या दशकात वसईला येऊन गेले. त्यानंतर लवकरच येशूसंघाचे कार्य येथे रुजले. याच वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली शिकले. पुढे ते जपानला गेले, काही काळ व्यापार केला आणि अखेर मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह त्यांना क्रुसावर मरण आले. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले. भारतभूमीत जन्मलेले पहिले संत म्हणून आपण त्यांचा सन्मान करतो.

फ्रान्सिस्कन संघाचे संत अंतोनी यांचे मंदिर आता छपराविना उभे आहे. त्याच्या जमिनीत पोर्तुगीज भाषेतील लेख कोरलेल्या अनेक कबरशिळा आहेत. याविषयी पुढे थोडे अधिक लिहू.

मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी दीर्घ वेढ्यानंतर वसई जिंकली. किल्ल्याजवळ त्यांचे स्मारक आहे आणि आत नागेश्वराचे देऊळही आहे. येथील घंटा विजयाची खूण म्हणून निरनिराळ्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील १७२१ साल कोरलेली घंटा त्यांपैकीच एक मानली जाते. पोर्तुगीज सत्ताधारी निघून गेले, परंतु येथील ख्रिस्ती समाज गेला नाही. एतद्देशीय धर्मगुरूंच्या आधाराने आपल्या पूर्वजांनी श्रद्धा जपली. राजसत्ता बदलली तरी श्रद्धा टिकली, हाच या पडझडीचा आपल्यासाठी मुख्य अर्थ आहे. पुढे ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावांनी इंग्रजांशी केलेला प्रसिद्ध तह याच वसईच्या नावाने ओळखला जातो.

आता कबरशिळांविषयी. आम्ही धर्मग्रामातील युवकांना घेऊन किल्ल्यात गेलो असता काही मुले एका सपाट शिळेवर डबे उघडून बसली. सोबतच्या एका आजोबांनी रागावण्याऐवजी बाटलीतले पाणी शिळेवर ओतले आणि हाताने धूळ पुसली. अक्षरे दिसू लागली. "बाळांनो, आपण कोणाच्या तरी उशाशी बसलो आहोत," एवढेच ते म्हणाले. मुले मुकाट्याने उठली, व जेवणाआधी तेथेच मृतांसाठी प्रार्थना झाली.

त्या शिळेवरील निम्मी अक्षरे पायांखाली झिजून गेली होती. जी उरली आहेत तीही अशीच जातील. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली असला, तरी प्रत्येक दगडाजवळ पहारेकरी उभा करता येत नाही. म्हणून आमची भाविकांना नम्र विनंती आहे : शिळांवरून चालू नका, भिंतींवर नावे कोरू नका, कचरा परत घेऊन जा. मुलांना केवळ छायाचित्रासाठी उभे न करता निदान एका मंदिराची कथा सांगा. देवळापाशी थांबाल तेव्हा तेथील भक्तांचाही मान राखा, कारण हा इतिहास आपणा सर्वांचा आहे.

सकाळी लवकर यावे, पाणी सोबत आणावे आणि निदान तीन तास हाताशी ठेवावेत. छप्पर नसलेल्या मंदिरातही क्षणभर शांत उभे राहिल्यास प्रार्थना आपोआप ओठांवर येते, असा आमचा अनुभव आहे.