भिंतीवरील बुरशी आणि मुलांचे आरोग्य

भाद्रपद महिना लागला म्हणजे खेड्यातील पुष्कळ घरांत एक ओळखीचा कुबट वास येऊ लागतो. गोधडी उलगडावी तर तो वास येतो, आणि शाळेचे कपाट उघडून जुनी हजेरीपत्रके काढावीत तर तेथेही तोच वास असतो. भिंतींच्या कोपऱ्यांत काळे-हिरवे ठिपके दिसू लागतात. ते फडक्याने पुसले जातात, दिवाळीच्या तोंडावर त्यांवर रंगाचा हात फिरतो, आणि पुढील पावसाळ्यात ते पुन्हा त्याच जागी उमटतात. याच दिवसांत वर्गातील काही मुले सकाळी शिंकत येतात, काहींना रात्रभर खोकल्याने झोप लागलेली नसते, व एखाद्याची गैरहजेरी वाढते. भिंतीवरील डाग आणि मुलाचा खोकला यांचा संबंध असू शकतो, हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. तो संबंध प्रथम ओळखू शकेल अशी गावातील व्यक्ती म्हणजे शिक्षक होय.

बुरशी म्हणजे काय?

बुरशी ही सजीव आहे. परंतु तिच्यात हरितद्रव्य नसल्यामुळे तिला स्वतःचे अन्न तयार करता येत नाही. शिळी भाकरी, लाकूड, कागद, कापूस, चामडे, भिंतीवरील धूळ व खळ यांवर ती आपले पोषण करते. तिचे तंतू पदार्थाच्या आत शिरतात, आणि वर दिसणारी काळी, हिरवी वा पांढरी पूड ही तिच्या बीजाणूंची असते. हे बीजाणू इतके सूक्ष्म असतात की ते सर्वत्र हवेत तरंगत असतात. कोणतेही घर त्यांपासून सर्वस्वी मुक्त करता येत नाही.

मात्र बीजाणू रुजण्यास ओल हवी. भिजलेली वस्तू एक-दोन दिवसांत वाळली, तर तिच्यावर बुरशी सहसा धरत नाही; ओली राहिली तर धरते. म्हणून बुरशी घालवावयाची असेल तर प्रथम पाणी कोठून येते ते शोधावे लागते. डाग पुसला व ओल राहिली, तर श्रम व्यर्थ जातात.

बुरशी ही सर्वथा शत्रू आहे, असेही नव्हे. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलीन सापडले ते एका बुरशीपासूनच; आणि तेच औषध भारतात बनावे म्हणून १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला. बुरशीची निसर्गात आवश्यकता आहे. मुलांच्या निजण्याच्या खोलीत मात्र ती वाढता कामा नये.

तेरच्या घरांतील ओल

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे तेरणेच्या काठचे गाव. प्राचीन काळी ‘तगर’ या नावाने त्याची कीर्ती समुद्रापलीकडे पोचली होती. येथील त्रिविक्रम मंदिर विटांचे आहे. या गावच्या प्राचीन विटा इतक्या हलक्या व सच्छिद्र आहेत की त्या पाण्यावर तरंगतात, असे सांगितले जाते. हे गाव संत गोरोबाकाकांचे, म्हणजे कुंभाराचे. मडक्यातील पाणी बाहेर पाझरून मडके गार कसे राहते, हे येथील मुलास निराळे शिकवावे लागत नाही. वीट, माती व चुना यांच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरते व वरही चढते, हे केशाकर्षणाचे तत्त्व समजले की भिंतीतील ओलीचा निम्मा उलगडा होतो.

या भागातील जुनी घरे माळवदाची असत. जाड भिंती, लाकडी तुळया, त्यांवर किलचन व पाला, आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा थर. पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी माती टाकून ती चोपली जाई व पन्हाळी साफ केल्या जात. छतातील साण्यातून धूर व वाफ बाहेर पडे. मातीची भिंत ओल शोषून घेई व उन्हाळ्यात ती सोडून देई. या घरांतही गळती होती, आणि चुलीचा धूर फुप्फुसांस अपायकारकच होता. तथापि वाफेला बाहेर जाण्यास वाट होती.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर व धाराशिव या जिल्ह्यांत माळवदाची धास्ती बसली. सिमेंटची व पत्र्याची घरे वाढली, आणि जीविताच्या दृष्टीने ते योग्यच झाले. परंतु सिमेंटच्या लहान खोलीत खिडकी बंद ठेवून स्वयंपाक केला, ओले कपडे आतच वाळत घातले आणि चारपाच माणसे रात्रभर तेथेच निजली, तर वाफ कोंडते व थंड भिंतीवर किंवा पत्र्याखाली तिचे पाणी होते. घर नवे असूनही कोपरे काळे पडतात ते यामुळे.

ओल तीन वाटांनी येते, आणि डागाच्या जागेवरून ती वाट ओळखता येते. छताजवळचा व पावसाबरोबर वाढणारा डाग गळतीचा असतो. जमिनीपासून हात-दोन हात उंचीपर्यंतचा पट्टा जोत्यातून चढलेल्या पाण्याचा असतो. कपाटामागील, पेटीमागील किंवा कोपऱ्यातील ठिपके कोंडलेल्या वाफेचे असतात. भिंतीवरील प्रत्येक पांढरी पूड मात्र बुरशी नसते. थोडी पूड पाण्याच्या थेंबात टाकावी. ती विरघळली तर तो लोणा, म्हणजे भिंतीतून फुटलेला क्षार होय. लोणाही ओलीचीच खूण आहे.

आरोग्यावरील परिणाम

बीजाणू व बुरशीचे सूक्ष्म कण श्वासावाटे आत गेले असता पुष्कळांना काहीच होत नाही. काहींना मात्र त्यांचे वावडे असते. त्यांना शिंका येतात, नाक वाहते किंवा चोंदते, डोळे खाजतात, घसा खवखवतो. ज्यास दमा आहे त्याची धाप वाढते, छातीत शिट्टीसारखा आवाज येतो व रात्रीचा खोकला बळावतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ओल व बुरशी यांविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. ओलसर घरांत राहणाऱ्यांमध्ये दम्याची व श्वसनविकारांची लक्षणे अधिक आढळतात, असा तिचा निष्कर्ष आहे. लहान मुले, वृद्ध, दमेकरी व रोगप्रतिकारशक्ती क्षीण झालेली माणसे यांस विशेष जपावे लागते.

येथे एका भीतीचे निरसन करणे अवश्य आहे. २०२१ साली कोरोनाच्या साथीत ‘काळी बुरशी’ या नावाने म्युकरमायकोसिस हा भयंकर रोग महाराष्ट्रात अनेकांस झाला. तेव्हापासून भिंतीवर काळा डाग दिसला की काही घरांत घबराट उडते. तो रोग निराळ्या बुरशींमुळे होतो, आणि मुख्यत्वे अनियंत्रित मधुमेह असलेल्या वा प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या रुग्णांस होतो. भिंतीवरील काळा रंग हे त्या रोगाचे चिन्ह नव्हे. मात्र तेवढ्यावरून भिंत तशीच ठेवणेही योग्य नव्हे.

शिक्षकाने निदान करावयाचे नसते, निरीक्षण करावयाचे असते. जे मूल पावसाळ्यात वारंवार गैरहजर राहते, वर्गात पेंगते, खेळताना लवकर दमते, त्यास आळशी ठरविण्यापूर्वी ते रात्री खोकते काय, कोठे निजते, त्याच्या उशाची भिंत ओली आहे काय, आणि मामाच्या गावी गेले असता त्यास बरे वाटते काय, हे पालकांस सौम्यपणे विचारावे. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्याचे मूल प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे, कारण त्यामागे क्षयही असू शकतो. दम्यासाठी डॉक्टरांनी श्वासाचा पंप दिला असेल, तर ‘पंपाची सवय लागते’ या गैरसमजाने पालक तो बंद करीत नाहीत ना, इकडेही लक्ष असावे.

बुरशी कशी काढावी?

१. प्रथम ओलीचा उगम बंद करावा. पन्हाळ तुंबली असल्यास मोकळी करावी, फुटलेला पत्रा वा तडा सांधावा, सांडपाणी जोत्यापासून दूर न्यावे, भिंतीलगतचे मातीचे वा शेणाचे ढीग हलवावेत.

२. कामाच्या वेळी मुलांस व दमेकऱ्यांस बाहेर ठेवावे. दारे-खिडक्या उघडाव्यात. काम करणाऱ्याने नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी व हातमोजे घालावेत.

३. कोरडी बुरशी झाडूने झाडू नये. तसे केल्याने बीजाणू घरभर उडतात. डाग प्रथम ओल्या फडक्याने दमट करावा, मग साबणाच्या किंवा धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने घासून पुसावा. ते फडके पुन्हा घरात वापरू नये.

४. भिंत पूर्ण वाळू द्यावी. पोपडे सुटले असल्यास गिलावा खरवडून नवा करावा. नंतर चुन्याची सफेदी द्यावी. चुन्याच्या क्षारतेमुळे बुरशी लवकर धरत नाही. कळीचा चुना भिजविताना उकळतो व डोळ्यांस इजा करतो, म्हणून मुलांस जवळ येऊ देऊ नये. ओल्या भिंतीवर तैलरंग कदापि देऊ नये; ओल आत कोंडून रंग फुगतो.

५. ब्लीचिंग पावडरचे पाणी फरशीसारख्या कठीण पृष्ठभागावर चालते. सच्छिद्र भिंतीत खोलवर गेलेल्या तंतूंपर्यंत ते नीट पोचत नाही. ते संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये किंवा अमोनियाच्या द्रवात कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

६. गोधड्या धुऊन कडक उन्हात वाळवाव्यात. बुरशी आतपर्यंत गेलेल्या उशीचा कापूस टाकून द्यावा. पुस्तके आधी वाळवून मग घराबाहेर पुसावीत. पेट्या व कपाटे भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावीत.

डाग सुमारे तीन फूट लांब व तीन फूट रुंद या मापाहून मोठा असेल, किंवा भिंत सतत ओली राहत असेल, तर जाणत्या गवंड्यास दाखवावे. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी होऊन या जिल्ह्यातही अनेक घरांत पाणी शिरले. अशा प्रसंगी गाळ काढल्यावर पहिल्या दोन दिवसांत जे वाळवता येईल ते वाळवणे, हेच सर्वांत मोलाचे काम ठरते.

धान्याची बुरशी

भिंतीवरची बुरशी श्वासातून त्रास देते. धान्यावरची पोटात जाते. भुईमूग, मका यांवर वाढणाऱ्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष निर्माण करतात, आणि ते शिजविल्याने पुरते नष्ट होत नाही. १९७४ साली राजस्थान व गुजरातच्या काही भागांत असा मका खाऊन यकृताच्या विकाराने शंभराहून अधिक माणसे दगावली. म्हणून पोषण आहाराची पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवावीत. कुबट वासाचे वा बुरसटलेले धान्य, शेंगदाणे किंवा डाळ धुऊन-निवडून न वापरता बाजूला काढावी व वरिष्ठांस कळवावे.

वर्गातील पाठ

हा विषय परिसर अभ्यासात सहज घेता येतो. भाकरीचे दोन तुकडे घ्यावेत. एक कडक वाळवून व दुसरा पाणी शिंपडून, असे निरनिराळ्या काचेच्या बरण्यांत झाकण लावून ठेवावेत. मुलांनी आठवडाभर रोज पाहून वहीत नोंद करावी. बरणी उघडू देऊ नये व शेवटी ओल्या तुकड्याची विल्हेवाट मोठ्यांनीच लावावी. दुसऱ्या प्रयोगात खडूचे एक टोक शाईच्या पाण्यात उभे ठेवावे. शाई वर चढताना पाहून भिंतीतील ओल कशी चढते हे मुले आपणच सांगतील. त्यानंतर प्रत्येकाने आपल्या घरातील ओलीची जागा शोधून ती छताजवळची, जोत्याजवळची की कोपऱ्यातील, एवढे लिहून आणावे. ज्याच्या घरी ओल अधिक आहे त्याची वर्गात चर्चा होऊ नये. गरिबीचा ओरखडा मुलाच्या मनावर लवकर उठतो.

आरंभ शाळेपासूनच व्हावा. पावसाळ्यापूर्वी पन्हाळी मोकळ्या कराव्यात, वर्गाच्या खिडक्या रोज उघडाव्यात, कपाटातील पुस्तकांस उघडीप मिळताच ऊन दाखवावे, आणि गळतीची दुरुस्ती शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत लेखी मांडावी. शाळेची भिंत कोरडी झालेली गावाने पाहिली म्हणजे घरच्या भिंतीविषयी पालकांशी बोलणे सोपे जाते. भाद्रपदात रात्री खोकणारे एखादे मूल त्यामुळे शांत निजले व सकाळी वेळेवर शाळेत आले, तर या कामाचे चीज झाले असे समजावे.