सगळीकडे दिसणारा लँडोरस आणि बाहेर काढलेला लँडोरस



बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मागचा अख्खा पावसाळा फील्डवर गेला. त्याच्या आधी आरएसीसमोर माझं प्रेझेंटेशन झालं होतं आणि तिथे एका प्रश्नावर मी सपशेल अडकले होते. तो प्रश्न कोणता ते पुढे येईलच. आधी पोकेमॉनबद्दल बोलू.

हसू नका. हॉस्टेलवर असताना मी पोकेमॉन शोडाउनवर इतक्या लढती खेळले आहे की तेवढा वेळ थिसिसला दिला असता तर आज दोन चॅप्टर तयार असते. पण 'एखादी गोष्ट मोजायची म्हणजे नक्की काय मोजायचं' हा रिसर्चमधला सगळ्यात त्रासदायक प्रश्न मला तिथेच पहिल्यांदा नीट दिसला. फक्त तेव्हा तो ओळखता आला नाही.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन खेळाडू, प्रत्येकाकडे सहा पोकेमॉन, प्रत्येक पोकेमॉनला चार चाली. पोकेमॉन शेकड्यांनी आहेत आणि त्यांची ताकद अजिबात सारखी नाही. सगळे मोकळे सोडले तर प्रत्येक टीममध्ये तेच दहा-बारा चेहरे दिसतील. म्हणून स्मोगॉन नावाच्या खेळाडूंच्या समुदायाने, जो २००४ पासून चालू आहे, पायऱ्या पाडल्या. सगळ्यात जास्त खेळली जाणारी पायरी ओयू. जे ओयूसाठी फारच भारी आहेत ते वरच्या उबर्समध्ये. जे ओयूमध्ये फारसे वापरले जात नाहीत ते खाली यूयूमध्ये, आणि तिथून आणखी खाली. हे कंपनीचे अधिकृत नियम नाहीत. कंपनीच्या स्पर्धांचे नियम वेगळे आहेत. हे खेळाडूंनीच खेळाडूंसाठी ठरवलेलं आहे, आणि म्हणूनच त्यावर एवढे वाद होतात.

आता गंमत बघा. खालची सीमा आकड्याने ठरते. एखादा पोकेमॉन ४.५२ टक्के किंवा त्याहून जास्त टीम्समध्ये असेल तर तो ओयू. हा ४.५२ कुठून आला? कॅल्क्युलेटर घ्या. ०.९५४८ चा पंधरावा घात काढा. जवळपास बरोबर ०.५ येईल. म्हणजे पंधरा लढती खेळलात तर तो पोकेमॉन एकदा तरी समोर येण्याची शक्यता निम्मी. पूर्वी हीच सीमा ३.४१ टक्के होती, तेव्हा हिशोब वीस लढतींचा होता. आकडा विचित्र दिसतो, पण त्याच्यामागे एक साधं वाक्य आहे: 'नेहमीचा' म्हणजे जो एका बैठकीत भेटण्याची शक्यता निम्मी आहे. पंधराच लढती का, दहा का नाहीत, असं तुम्ही विचारू शकता. ती निवडच आहे. पण ती उघड सांगितलेली निवड आहे आणि मला ती आवडते. आपल्यातले किती जण स्वतःचा कटऑफ असा एका वाक्यात समजावून सांगू शकतात?

वरची सीमा मात्र आकड्याने ठरत नाही. तिथे मतदान होतं. मी नवीन होते तेव्हा मला हे अगदीच अशास्त्रीय वाटायचं. एवढा डेटा दर महिन्याला जाहीर होतो, मग मतं कशाला मागायची? वापराची टक्केवारी बघा, जिंकण्याची टक्केवारी बघा, सर्वात वरच्याला बाहेर काढा, संपला विषय.

विषय संपत नाही. का, ते बघू.

जिंकण्याची टक्केवारी आधी घेऊ, कारण ती फार विश्वासू वाटते. पहिल्या पिढीच्या खेळात टॉरॉस, चॅन्सी आणि स्नॉर्लॅक्स जवळपास प्रत्येक टीममध्ये असतात. समजा टॉरॉस खरंच प्रत्येक टीममध्ये आहे. मग प्रत्येक लढतीत एक टॉरॉसवाला जिंकणार आणि एक टॉरॉसवाला हरणार. त्याची जिंकण्याची टक्केवारी किती? ५०. बरोबर ५०, एक दशांशही इकडे तिकडे नाही. म्हणजे जितका जास्त बलाढ्य, तितका जास्त पसरलेला, आणि तितका त्याचा आकडा सरासरीकडे ओढलेला. जी गोष्ट आपल्याला पकडायची आहे तीच हे माप लपवतं. उलट एखादा विचित्र पोकेमॉन फक्त चाळीस मुरलेले खेळाडू वापरत असतील तर त्याची टक्केवारी झकास दिसेल, पण ती त्या चाळीस जणांची असेल, पोकेमॉनची नाही.

मग वापराची टक्केवारी? इथे लँडोरस येतो.

लँडोरसची दोन रूपं आहेत. दोघांच्या मूळ आकड्यांची बेरीज तंतोतंत ६००. थेरिअन रूप २०१२ मध्ये आलं आणि नंतर बरीच वर्षं ओयूमध्ये सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्यांपैकी एक राहिलं. दर दुसऱ्या-तिसऱ्या लढतीत समोर उभं. तरी पाचव्या पिढीपासून आठव्या पिढीपर्यंत त्यावर बंदी आली नाही. मूळ रूप, म्हणजे इन्कार्नेट, तेवढं वापरलं जात नव्हतं, आणि पाचव्या आणि सहाव्या पिढीत ओयूमधून बाहेर काढलं गेलं ते हेच.

जास्त दिसणारा राहिला, कमी दिसणारा गेला. हे मला बरेच दिवस कळत नव्हतं.

थेरिअन काय करतो? मैदानात आल्या आल्या समोरच्याचा अटॅक कमी करतो. विजेच्या आणि जमिनीच्या चाली त्याला लागत नाहीत. येतो, दगड पसरतो, यू-टर्न मारून निघून जातो. कुठल्याही टीममध्ये एक भोक बुजवायचं असेल तर हा बसतो, म्हणून सगळे घेतात. आपल्याकडे जेवणात बटाटा असतो तसा. पण तो समोर आला म्हणून तुमची टीम कोसळत नाही. तो काय करणार हे तुम्हाला ठाऊक असतं आणि उत्तरं भरपूर असतात.

इन्कार्नेटकडे शीअर फोर्स ही क्षमता आहे. ज्या चालींना काही जोडपरिणाम असतो तो परिणाम जातो आणि बदल्यात चालीची ताकद वाढते. त्यावर लाइफ ऑर्ब दिला की ताकद आणखी वाढते. एरवी लाइफ ऑर्ब प्रत्येक हल्ल्याला वापरणाऱ्याचंच थोडं रक्त पितो, पण शीअर फोर्सने वाढवलेल्या चालींवर तेही होत नाही. म्हणजे फुकटात. तरी खरी अडचण ताकदीची नव्हती. कागदावर त्याला अडवणारे पोकेमॉन होतेच. पण एक सायकिकने पडायचा, दुसरा फोकस ब्लास्टने, तिसरा आणखी कशाने. चारच चाली नेता येतात, त्यामुळे एकच लँडोरस सगळ्यांना पाडू शकत नाही. मात्र समोर उभा असलेला कोणत्या चार घेऊन आलाय हे तुम्हाला आधी कळत नाही. कळतं तेव्हा एक पोकेमॉन गेलेला असतो. 'याला तोड आहे का' या प्रश्नाचं उत्तर 'आहे' असंच होतं, आणि खेळताना त्याचा काही उपयोग नव्हता.

ताकदीचा आकडा तर आणखीनच फसवा. वॉबफेटचा मूळ अटॅक ३३ आहे. त्याला स्वतःहून हल्ला करताच येत नाही, फक्त बसलेला मार दुप्पट परत करता येतो. तरी तिसऱ्या पिढीत तो उबर्समध्ये होता. कारण त्याच्यासमोर जो येतो त्याला माघारी जाता येत नाही. अडकलेल्याने हल्ला न करणारी चाल खेळली की वॉबफेट एन्कोरने त्याला तीच चाल पुन्हा पुन्हा खेळायला लावतो आणि दरम्यान स्वतः बाजूला होऊन जोडीदाराला आरामात तयारी करू देतो. 'खेळाडूच्या हातातला निर्णय काढून घेणं' हा प्रकार कुठल्याच टक्केवारीत दिसत नाही.

म्हणून मतदान. पण कुणाचं? ज्याच्यावर संशय आहे त्याच्या चाचणीत नवीन खातं काढून ठरावीक दर्जा गाठावा लागतो. तो दर्जा जीएक्सई नावाच्या आकड्याने मोजतात: शिडीवरच्या कुठल्याही एका खेळाडूसमोर तुम्ही जिंकण्याची अंदाजे शक्यता किती. तेवढं जमलं तरच मत. सध्याच्या पद्धतीत बंदीसाठी ६० टक्के मतं लागतात. ५८ टक्के लोकांना तो नको असेल तरी तो राहतो. म्हणजे सिद्ध करण्याचं ओझं बंदी मागणाऱ्यावर. तुम्हाला नल हायपोथेसिस आठवली असेल. साम्य आहे, पण ते ताणू नका. ६० हा एखाद्या वितरणातून आलेला आकडा नाही, तो ठरवलेला आहे.

यातला दोष तुमच्या लक्षात आला असेलच. संशयित पोकेमॉन वापरूनच कुणी तो दर्जा गाठला असेल तर? मग मत देणाऱ्यांचा गट त्या पोकेमॉननेच निवडला. सॅम्पलिंगचा याहून सुंदर घोळ मला पाठ्यपुस्तकात सापडलेला नाही. यावर माझ्याकडे उपाय नाही. सगळ्यांना मत दिलं तर ज्यांनी तीन लढती खेळल्या त्यांचंही मत आलं.

आणखी एक गोष्ट सांगते. नवव्या पिढीत हाउंडस्टोन हा पोकेमॉन ओयूमधून बाहेर काढला गेला. त्याची लास्ट रिस्पेक्ट्स नावाची चाल सुरुवातीला ५० ताकदीची, आणि आपला एकेक साथीदार पडला की ५० ने वाढते. पाच पडले की ३००. पुढे बंदी त्या चालीवरच आणली गेली आणि हाउंडस्टोन सुटला. सुटल्यावर काय झालं? ओयूमध्ये त्याला कुणी विचारलंही नाही. दोष प्राण्यात होता की चालीत, हे दोन्ही एकत्र असताना कितीही बघितलं तरी कळलं नसतं. एक बाजूला काढल्यावर कळलं.

आता माझी गोष्ट. मी सड्यांवरच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारांवरच्या, वनस्पतींवर काम करते. माझ्या सिनॉप्सिसमध्ये एक गवत 'डॉमिनंट' असं लिहिलं होतं, कारण माझ्या बहुतेक क्वाड्रॅट्समध्ये त्याचंच आच्छादन सगळ्यात जास्त होतं. आरएसीमधल्या बाहेरून आलेल्या मॅडमनी शांतपणे विचारलं, "हे गवत काढलं तर तिथे काय बदलेल?"

मी म्हणाले, "मॅडम, तो डेटा नाहीये."

"मग ते जास्त आहे एवढंच तुम्हाला माहीत आहे. डॉमिनंट आहे हे कशावरून?"

खाली बसल्यावर डोक्यात पहिलं काय आलं असेल तर लँडोरस. खरंच. मी वापराची टक्केवारी मोजून बंदी मागत होते.

इकॉलॉजीत हे सगळं जुनं आहे, मला वाचून माहीतही होतं. रॉबर्ट पेन यांनी १९६३ पासून अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर, खडकाच्या एका पट्ट्यातून एक तारामासा काढून टाकायला सुरुवात केली. तो संख्येने काही सगळ्यात जास्त नव्हता. पण तो गेल्यावर शिंपल्यांनी जागा व्यापली, आणि १९६६ च्या पेपरमध्ये त्यांनी १५ जातींच्या ८ झाल्याचं मांडलं. 'कीस्टोन' हा शब्द त्यांनी १९६९ मध्ये वापरला. मी हे एमएस्सीला परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. स्वतःच्या क्वाड्रॅटशी त्याचा संबंध लावला नव्हता.

तर आता डिझाइन बदललंय. काही चौकटींतून गवत काढलं, काही तशाच ठेवल्या. गाईडनी विचारलं, गवत उपटताना माती हलते, मग फरक गवतामुळे पडला की माती हलल्यामुळे? म्हणून तिसऱ्या प्रकारच्या चौकटी आल्या: माती तेवढीच हलवायची, गवत परत लावायचं. सड्यावर मातीचा थर मुळात बोटभर, त्यामुळे परत लावलेलं गवत जगेल की नाही हीच धाकधूक. अर्धं जगलं. एक पावसाळा वाढला, फेलोशिपची वर्षं मात्र तेवढीच आहेत.

पहिल्या पावसाळ्याचा डेटा अजून टाकतेय. काढलेल्या चौकटींत काय उगवलं ते बघून झालं की लिहीन. तोपर्यंत तुमच्या सिनॉप्सिसमधला असा एखादा शब्द सापडला, 'प्रभावी', 'महत्त्वाचा', 'डॉमिनंट' वगैरे, तर त्याच्यासमोर तुम्ही कोणता आकडा ठेवलाय ते मला कळवा. मी असे शब्द गोळा करतेय.