उसन्या दिव्याचा उजेड

२६ फेब्रुवारी १९३५ रोजी इंग्लंडमधील डॅव्हेंट्री येथे रॉबर्ट वॉटसन-वॅट व अर्नोल्ड विल्किन्स यांनी बीबीसीच्या लघुलहरी विमानावरून परावर्तित होताना टिपल्या. ब्रिटिश रडारचा पाया असा उसन्या लहरींवर घातला गेला. आज डिजिटल दूरचित्रवाणीने त्याच युक्तीला नवे बळ दिले आहे. मनोऱ्याकडून थेट येणारी लहर आणि विमानावर आदळून किंचित उशिरा पोहोचणारी लहर ताडून पाहावयाची. असे तीनचार मनोरे हाताशी असले, की विमानाचा ठाव लागतो. हे निष्क्रिय रडार स्वतः काहीच प्रक्षेपित करीत नसल्याने शत्रूला ते हुडकणे अतिशय कठीण.

परंतु दिवा उसना, तर तो मालवण्याचा अधिकारही दुसऱ्याचाच. प्रेक्षक फार थोडे उरले म्हणून स्वित्झर्लंडने ३ जून २०१९ रोजी मनोऱ्यांवरील दूरचित्रवाणी प्रक्षेपण थांबविले. खर्चाच्या दृष्टीने ते रास्तही असेल. तथापि यापुढे कोणत्याही देशाने असा निर्णय केवळ प्रेक्षकांची शिरगणती करून घेऊ नये. आणि संरक्षणखात्यानेही परक्याच्या वातीवर सर्वस्वी विसंबून राहू नये. युद्धात पहिला घाव मनोऱ्यांवरच पडण्याचा संभव असतो.