टाचेचे थकीत खाते

पौषातल्या पहाटे साडेपाचला मेहरूण तलावाच्या काठी उभे राहिले, की हेच जळगाव मे महिन्यात 45 अंशांत भाजून निघते, यावर विश्वास बसत नाही. पाण्यावर धुके असते, कानटोप्या-मफलर घातलेली फिरणारी मंडळी असतात आणि त्यांच्यामधून वाट काढत धावणारे आमच्यासारखे काही असतात. धुळ्याची थंडी याहूनही कडक. डिसेंबर 2024 मध्ये तेथे पारा 4 अंशांच्या आसपास उतरला होता.

खान्देशातील हौशी धावपटूंचा हंगाम म्हणूनच कार्तिकापासून माघापर्यंत, जेमतेम चार महिन्यांचा. जळगाव रनर्स ग्रुपची ‘खान्देश रन’ही याच थंडीत होते. पेढीवर बसणारी, दालमिल चालवणारी, सराफीतली आपली पुष्कळ मंडळी हल्ली अशा शर्यतींत नाव नोंदवतात. मात्र हंगाम तोकडा असल्यामुळे एक खोड सर्वांनाच जडते. एक दिवस चुकला, की केळीच्या व्यापाऱ्याला गाडी उशिरा लागल्यावर जी तगमग होते तीच होऊ लागते. दुखापती या तगमगीतून होतात आणि तिच्यामुळेच लांबतात. हे मी स्वतःच्या डाव्या टाचेवरून सांगतो आहे.

वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मी 21 किलोमीटरची तयारी करीत होतो. दिवाळीनंतर चार आठवड्यांत माझे आठवड्याचे अंतर 15 किलोमीटरवरून 35 वर नेले. बँकेत चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या अवाजवी वाढीच्या प्रस्तावांवर शेरे मारणाऱ्या माणसाने हे करावे, याची मला आजही लाज वाटते. सकाळी पलंगावरून उतरताना टाचेच्या मागे, जरा वरच्या बाजूला, आखडल्यासारखे होऊ लागले. भिंत धरून पहिली दहा पावले टाकावी लागत. पण धावायला लागले, की दहा मिनिटांत दुखणे नाहीसे होई. या दुखण्याची फसवी बाजू हीच. मी तीन आठवडे फसत राहिलो. अखेर एका पहाटे घराचा जिना उतरता येईना.

पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी जी जाड दोरी असते तिला कंडरा म्हणतात. तिला रक्तपुरवठा बेताचा असतो, त्यामुळे ती सावकाश बिघडते आणि त्याहून सावकाश सुधारते. आम्ही दिवसभर गादीवर किंवा खुर्चीत बसतो. पोटऱ्या आखडतात, नितंबांचे स्नायू दुबळे होतात आणि पहाटे त्याच पायांकडून आपण तासभर धावण्याची अपेक्षा करतो. सगळा ताण मग या दोरीवर येतो.

दुखणे मान्य केल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेलो. महिनाभर पूर्ण विश्रांती, शेक, मलम. एके ठिकाणी टाचेत स्टेरॉईडचे इंजेक्शन घेण्याचा सल्ला मिळाला. अशा इंजेक्शनाने कंडरा तुटण्याचा धोका असतो हे वाचल्यामुळे मी तो घेतला नाही. महिन्याने दुखणे गेले. त्याच दिवशी मी 5 किलोमीटर धावलो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भिंत धरून चालू लागलो. विश्रांतीने वेदना शमली होती. मात्र कंडरा आधीहून दुबळी झाली होती.

त्या दिवसांत सौभाग्यवतींनी मला एकदा विचारले, “अहो, सामायिकात 48 मिनिटे तुम्ही जागचे हलत नाही. मग या पायाच्या बाबतीतच धीर का सुटतो?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर भीती होती. निवृत्तीनंतर दिवसाला जी शिस्त राहिली होती ती या धावण्यामुळे होती आणि या वयात गेलेली गोष्ट परत येत नाही, असे मला मनोमन वाटू लागले होते.

शेवटी एका फिजिओथेरपिस्टकडे गेलो. तेथे जे समजले ते मला माझ्या व्यवसायाच्या भाषेत चटकन उमगले. खाते थकले, की ऋणको दोन चुका करतो. नवे कर्ज काढून जुने व्याज भरतो. दुखत असताना धावणे हे त्यातले. किंवा दुकानच बंद करून बसतो. पूर्ण विश्रांती ही त्यातली. अनुभवी बँकर दोन्ही नाकारतो आणि पेलतील एवढे हप्ते बांधून देतो. बँकेत 90 दिवस थकबाकी राहिली की खाते अनुत्पादक ठरते. येथे 12 आठवडे, म्हणजे 84 दिवस, न चुकता हप्ते भरायचे होते.

या हप्त्यांची कथा मनोरंजक आहे. स्वीडनच्या उत्तरेला उमिओ नावाचे शहर आहे. आपली धुळ्याची थंडी तिथल्या लोकांना उन्हाळाच वाटावा. तेथील अस्थिशल्यचिकित्सक हाकान आल्फ्रेडसन यांना स्वतःलाच हे दुखणे जडले होते. ते धावत असत. वरिष्ठांनी शस्त्रक्रियेस नकार दिला, तेव्हा कंडरा तुटली तर शस्त्रक्रिया करावीच लागेल, अशा हट्टाने त्यांनी टाचेवर मुद्दाम भार देण्याचा व्यायाम सुरू केला. कंडरा तुटली नाही, बरी झाली. 1998 मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 15 हौशी खेळाडूंवरील अनुभव प्रसिद्ध केला. 12 आठवड्यांनंतर ते पंधराही जण पूर्वीप्रमाणे धावू लागले होते. पुढच्या अभ्यासांत सर्वांनाच इतके यश आले नाही, हेही सांगितले पाहिजे.

व्यायाम असा. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभे राहायचे. दोन्ही पायांनी टाचा उचलायच्या, मग सगळा भार दुखऱ्या पायावर घेऊन ती टाच सावकाश पायरीच्या पातळीखाली उतरवायची. वर येताना चांगल्या पायाने यायचे. गुडघा सरळ ठेवून 15 वेळा, असे तीन फेरे. गुडघा किंचित वाकवून पुन्हा तितकेच. सकाळ-संध्याकाळ मिळून 180 वेळा. जमू लागले की पाठीवर ओझे घ्यायचे. मी नातवाच्या जुन्या दप्तरात तूरडाळ भरली. पहिल्या पंधरवड्यात 2 किलो, शेवटी 10 किलो. जळगावात तूरडाळीला काय तोटा! मात्र दुखणे टाचेच्या हाडाला लागून, अगदी तळाशी असेल, तर टाच पायरीखाली उतरवू नये, सपाट जमिनीवरच व्यायाम करावा. म्हणून आधी तपासून घ्यावे. शेजाऱ्याचे पाहून सुरू करू नये.

या काळात धावायचे की नाही? याचेही उत्तर स्वीडनमधूनच मिळाले. 2007 मध्ये गोथेनबर्गच्या संशोधकांनी दाखवले, की वेदनेला 10 पैकी गुण देऊन ती 5 च्या आत राहत असेल आणि दुसऱ्या सकाळपर्यंत ओसरत असेल, तर उपचाराबरोबर धावणे चालू ठेवल्याने सुधारणेत खंड पडत नाही. मी एक वही केली. डावीकडे अंतर, उजवीकडे दुसऱ्या सकाळचा आकडा. आकडा चढला की त्या दिवशी धावणे बंद. सुरुवात 1 मिनिट धावणे आणि 2 मिनिटे चालणे अशी, तीही एक दिवसाआड. तलावाकाठी सत्तरीच्या बाई मला मागे टाकून गेल्या, तेही त्या वहीत नोंदले आहे.

धुळ्याचे माझे एक स्नेही, भुसार व्यापारी, यांची गोष्ट वेगळी होती. त्यांना मधुमेह. गुडघ्यामुळे त्यांनी धावणे सोडले आणि तीन महिन्यांची साखर दिसेल इतकी वाढली. त्यांच्यासारख्यांना विश्रांतीचीही किंमत मोजावी लागते. ते मग सायकलवर आले, मांड्यांचे व्यायाम करू लागले आणि हळूहळू पांझराकाठी परतले. पण पहाटे जात नाहीत. “पहाट कोणी लिहून दिली आहे? ऊन पडल्यावर जातो,” असे म्हणतात. जानेवारीत साडेसातचे ऊनही सोसवते, हा खान्देशी हिवाळ्याचा लाभ आपण घेतच नाही. थंड कंडरा ताठ असते, रक्तदाब गारठ्यात चढतो आणि हृदयविकाराचे झटके हिवाळ्यात अधिक येतात. साठीच्या पुढच्यांनी घरातच दहा मिनिटे चालून, अंग गरम करून बाहेर पडावे. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारावे. पोटरी झाकणारे लोकरी मोजे मला फार उपयोगी पडले.

आता आपल्या घरांतला प्रश्न. चौविहार आणि नवकारशी दोन्ही पाळणाऱ्याला पौष-माघात संध्याकाळी सहानंतर दुसऱ्या सकाळी आठपर्यंत, म्हणजे जवळजवळ 14 तास, पाणी नसते. सूर्योदय 7 वाजून 5-10 मिनिटांनी आणि त्यापुढे 48 मिनिटे. थंडीत तहान कळत नाही, त्यामुळे हे अधिक अवघड. माझा मार्ग असा: सूर्यास्तापूर्वी नीट जेवण व भरपूर उकळलेले पाणी, पहाटे तासाच्या आतलीच हलकी धाव आणि लांब पल्ला असेल त्या दिवशी नवकारशी पारून, पाणी पिऊन मग निघणे. उपवासाच्या किंवा आयंबिलाच्या दिवशी मी धावत नाही. तप आणि तालीम एकाच दिवशी करू नये, असे माझे मत आहे. दोन्हींचा अपमान होतो.

कंदमूळ नसले तरी ताटात काही उणे राहत नाही. कंडरा आणि स्नायू भरून यायला प्रथिने लागतात. मूग, मटकी, दूध, पनीर, शेंगदाणे आहेतच. पण ब-12 जीवनसत्त्वाची तपासणी शाकाहारी घरांत करून घ्यावी. त्याच्या कमतरतेने पायांना मुंग्या येतात आणि माणूस ती धावण्याची दुखापत समजतो. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातील प्रतिजैविकांनी टाचेची कंडरा दुखावू शकते, क्वचित तुटूही शकते. साठीपुढे, विशेषतः सोबत स्टेरॉईड चालू असेल तर, हा धोका वाढतो. औषध लिहून घेताना आपण धावतो हे डॉक्टरांना सांगावे.

माझे 84 दिवस संपले तेव्हा होळी होऊन गेली होती आणि हंगाम हातचा गेला होता. पुढल्या हिवाळ्यात मी 21 ऐवजी 10 किलोमीटर धावलो, 1 तास 14 मिनिटांत. शेवटच्या किलोमीटरला टाच थोडी बोलली. वहीत त्या दिवशीचा आकडा 3 आणि दुसऱ्या सकाळचा 1 आहे. तूरडाळीचे दप्तर जिन्याच्या कोनाड्यात अजून ठेवलेले आहे. आठवड्यातून तीन दिवस ते पाठीवर येते. यंदा 21 साठी नाव नोंदवायचे की नाही, हे दिवाळीनंतरची वही पाहून ठरवीन.